नियम असतात गप्प बसणाऱ्या बाईसाठी



मार्च जवळ आला की आपल्या गटांत वह्या बाहेर निघतात. बचत जुळवायची, व्याज काढायचं, थकबाकी बघायची आणि नवीन पदाधिकारी निवडायचे. याच बैठकीत गटाची नियमावली वाचायची असते. पण वाचायला घेतली की कोणीतरी म्हणतंच, "आपण सगळ्या घरच्याच आहोत, नियम कशाला?" नसरापूर, चेलाडी फाट्याच्या आसपास काय आणि वेल्ह्याकडच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातल्या वाड्यांत काय, हे वाक्य सगळीकडे सारखंच ऐकू येतं. म्हणणारीच्या मनात काही वाईट नसतं. तिला वाटतं, नियम काढले की अविश्वास दाखवल्यासारखं होईल.

या लेखात मी एवढंच सांगणार आहे की नियम नेमके कोणाच्या उपयोगाचे असतात, आणि ते कसे असावेत. त्यासाठी गडचिरोलीतल्या एका छोट्या गावाचं उदाहरण घेऊ. मग परत आपल्या गटाकडे, ग्रामसंघाकडे आणि गावच्या ग्रामसभेकडे येऊ.

नियम लिहिले नाहीत तर काय होतं?

समजा, बारा जणींचा एक गट आहे. नियम काहीच लिहिलेले नाहीत. मग बैठक कुठे होते? जिची पडवी मोठी तिच्याकडे. वही कोण लिहितं? जिला लिहिता येतं ती. बँकेत कोण जातं? जिच्या घरी गाडी आहे ती. बैठकीची वेळ कोण ठरवतं? जिला त्या वेळी सवड असते ती. पहिल्या वर्षी यात काही वावगं वाटत नाही, उलट त्या तिघी राबतात म्हणून बरंच वाटतं.

पाच वर्षांनी काय दिसतं? पासबुक, शिक्का आणि वही त्याच दोन-तीन घरांत. कर्ज कोणाला द्यायचं हे पाण्यावर, नाहीतर दूध घालायला गेलं की डेअरीवर आधीच ठरलेलं असतं. बैठकीत नुसत्या सह्या होतात. जी नवीन सून गटात आली, जिचं घर वस्तीच्या टोकाला आहे, जी शिरवळला कंपनीत कामाला जाते आणि अंधार पडल्यावर येते, तिला कळतच नाही की निर्णय कुठे झाला. ती सही करते. विचारायचं कोणाला, हेही तिला माहीत नसतं.

म्हणजे नियम नव्हते असं नाही. नियम होतेच, फक्त ते दोघी-तिघींच्या डोक्यात होते. लिहिलेला नियम सगळ्यांना दिसतो, त्यावर बोट ठेवून विचारता येतं. डोक्यातल्या नियमावर बोट कसं ठेवणार?

जी बाई मोठ्या आवाजात बोलते, जिच्या मागे घर आहे, जिची गावात ओळख आहे, तिचं नियमांशिवाय काही अडत नाही. अडतं ते गप्प बसणारीचं. म्हणून मी म्हणते, नियम तिच्यासाठी असतात.

ही अडचण फक्त खेड्यातल्या बायांची आहे असं समजू नका. अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या शेवटी स्त्रियांच्या हक्कांसाठी शेकडो छोटे गट तयार झाले. शिकलेल्या, शहरातल्या बाया. त्यांनी ठरवलं, आपल्यात अध्यक्ष नको, पदं नकोत, नियम नकोत, सगळ्या सारख्या. जो फ्रीमन नावाची एक कार्यकर्ती स्वतः त्या चळवळीत होती. तिने १९७० मध्ये एका भाषणात दाखवून दिलं की ज्या गटात पदं नसतात तिथेही पुढारी तयार होतातच. फरक एवढाच की त्यांना कोणी निवडलेलं नसतं, म्हणून त्यांना कोणी बदलूही शकत नाही आणि जाबही विचारू शकत नाही. ज्या एकमेकींच्या मैत्रिणी, त्यांचंच चालतं. पाण्यावर ठरवून बैठकीत सह्या घेणं आणि हे, यात काय फरक आहे?

मेंढा गाव काय करतं?

मग नियम असावेत ते कसे? याचं उत्तर शोधताना मला मेंढा (लेखा) हे गाव फार उपयोगी वाटतं. समाजकार्य शिकताना आम्हाला हे गाव अभ्यासाला होतं.

मेंढा हे गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात आहे. गोंड आदिवासींचं गाव, साधारण शंभर घरांचं. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या वाडीएवढं. ग्रामपंचायत बरीच वर्षं शेजारच्या लेखा गावाची होती, त्यात मेंढा हे एक गाव होतं. पण मेंढ्याची माणसं आपली ग्रामसभा वेगळी भरवतात आणि तीच गावाचा कारभार चालवते.

याची सुरुवात कशी झाली ते आपल्या भागातल्या बायांना लगेच कळेल. आपल्याकडे भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी ही धरणं झाली. कोणाचं माहेर, कोणाचं सासर पाण्याखाली गेलं. १९८०च्या दशकात गडचिरोली आणि त्याला लागून असलेल्या भागात इचमपल्ली आणि भोपालपटनम ही मोठी धरणं होणार होती. हजारो आदिवासींची गावं आणि जंगल बुडणार होतं. बाबा आमटे आणि लालश्याम शहा यांच्या पुढाकाराने त्याविरुद्ध 'जंगल बचाओ, मानव बचाओ' आंदोलन झालं. ती धरणं झाली नाहीत. या आंदोलनातून मेंढ्याचे देवाजी तोफा आणि इतर गावकरी विचार करायला लागले की आपल्या गावाबद्दल कोणीतरी दुसरंच का ठरवतं? पुढे मोहन हिराबाई हिरालाल हे कार्यकर्ते त्यांच्यासोबत शिकायला आणि काम करायला लागले. गावाची एक घोषणा राज्यभर गाजली, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार."

घोषणा देणं सोपं असतं. 'आम्हीच सरकार' म्हणायचं तर 'आम्ही' म्हणजे कोण, हा प्रश्न येतो. पाटील? शिकलेली पोरं? फक्त पुरुष? मेंढ्याने यावर दोन गोष्टी केल्या, त्या नीट समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, सर्वसहमती. मेंढ्याची ग्रामसभा हात वर करून, मतं मोजून निर्णय घेत नाही. एखाद्याचा विरोध असेल तर त्याचं म्हणणं ऐकून घेतलं जातं, चर्चा होते. तरीही पटलं नाही तर निर्णय पुढे ढकलला जातो. विषय परत सभेत येतो. वेळ लागतो, पण एकदा ठरलं की ते सगळ्यांचं असतं, कारण ठरवताना कोणाला हरवलेलं नसतं.

दुसरी गोष्ट, अभ्यासगट. गावात विषयावर अभ्यास करायला माणसं वेगळी बसतात. जंगलाचा कायदा काय सांगतो, बांबूचा व्यवहार कसा चालतो, असे विषय. गरज पडली तर बाहेरच्या जाणकाराला बोलावतात. पण अभ्यासगट निर्णय घेत नाही. तिथे फक्त समजून घ्यायचं, वाद घालायचा, शंका काढायच्या. निर्णय ग्रामसभेतच. त्यामुळे जाणकार माणसाचा उपयोग होतो, पण तो गावाच्या डोक्यावर बसत नाही.

याचा फायदा झाला का? वनहक्क कायदा २००६ मध्ये आला. मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. तरी बांबू विकायची परवानगी अडून होती, कारण वाहतुकीचा परवाना वनखातं द्यायचं. गाव मागे हटलं नाही. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. तेव्हापासून बांबूचा व्यवहार ग्रामसभेने स्वतः केला. इतकी वर्षं एवढं छोटं गाव एकत्र राहिलं, याचं मोठं कारण त्यांची निर्णय घ्यायची पद्धत, असं मला वाटतं.

आपल्याकडे वनहक्काची गोष्ट वेगळी आणि गावंही वेगळी. तरीही पद्धत घ्यायला कायदा आड येत नाही. गट हा तर दहा ते वीस जणींचा. मेंढ्यापेक्षाही छोटा.

सहमती म्हणजे सगळ्यांच्या मनासारखं नव्हे

इथे एक गोंधळ होतो तो आधी सोडवू. सर्वसहमती म्हणजे सगळ्या जणींना निर्णय आवडला पाहिजे असं नाही. एखादी म्हणू शकते, "मला दुसरं बरं वाटत होतं, पण हेही चालेल, मी तुमच्याबरोबर आहे." ही सहमती. पण एखादी गप्प बसली म्हणजे तिची सहमती आली, असं धरायचं नाही. गप्प बसण्याची कारणं पुष्कळ असतात. सासू त्याच गटात असते. अध्यक्षाकडून उसनं पीठ आणलेलं असतं. विषयच कळलेला नसतो.

मी पाहिलेली एक गोष्ट सांगते, गटाचं नाव नको. गटाला बँकेचं कर्ज मंजूर झालं. रक्कम सगळ्यांत सारखी वाटायची, असं ठरत होतं. अकरा जणी हो म्हणाल्या. एक मावशी काहीच बोलल्या नाहीत, सही केली. पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. घरी गेल्यावर कळलं, त्यांना कर्जच नको होतं. त्यांचं म्हणणं होतं, "पैसे मी घेणार नाही, पण कागदावर गट म्हणून माझं नाव. उद्या कोणी थकली तर मी कुठून भरू?" हा प्रश्न इतका बरोबर होता की तो बैठकीत आला असता तर सगळ्यांचाच फायदा झाला असता.

पुढच्या बैठकीत त्या गटाने विषय परत घेतला. या वेळी एक केलं, गोलात बसून प्रत्येकीला नाव घेऊन विचारलं आणि सर्वात शेवटी अध्यक्ष बोलल्या. एकेक गोष्ट बाहेर आली. चौघींना सारख्या रकमेची गरजच नव्हती. दोघींना भाताच्या लावणीपुरतं थोडंसं हवं होतं. एकीला म्हैस घ्यायची होती, तिला सारख्या वाटणीत पुरणार नव्हतं. शेवटी ठरलं की गरजेप्रमाणे वाटायचं, आणि प्रत्येक घेणारीला गटातल्या दोघींनी जामीन राहायचं. मावशी म्हणाल्या, "आता चालेल." मतदान केलं असतं तर अकरा विरुद्ध शून्य असाच निकाल लागला असता, कारण मावशींनी विरोधाचा हात वर केलाच नसता.

गोलात विचारायचं आणि अध्यक्षाने शेवटी बोलायचं, हा नियम लिहायला एक ओळ लागते. अध्यक्ष आधी बोलली की बाकीच्यांना वाटतं, आता ठरलंच.

प्रत्येक गोष्टीला सहमती लागत नाही

आता कोणी म्हणेल, अशाने चहापत्ती आणायलाही तीन बैठका लागतील. बरोबर आहे. रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचंय आणि गट सहमतीची वाट बघत बसलाय, असं करून चालणार नाही. म्हणून नियमावलीत निर्णयांच्या तीन पाट्या करायच्या.

पहिल्या पाटीत जे निर्णय कोणा एकीला बांधून टाकतात ते. गटाच्या नावावर बँकेचं कर्ज, सभासद काढणं, बचतीची रक्कम वाढवणं, नियम बदलणं, गटाचं नाव बाहेर कुठे वापरणं. इथे सर्वसहमती हवी. पटलं नाही तर विषय पुढच्या बैठकीत.

दुसऱ्या पाटीत निवडी. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, ग्रामसंघात जाणाऱ्या प्रतिनिधी. इथे तोंडावर सहमती मागितली तर जुनीच नावं येतात, कारण "तू नको" असं कोण म्हणणार? त्यामुळे नावं एकाहून जास्त असतील तर चिठ्ठी टाकून मतदान करावं. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी खूण ठरवावी, तांदळाचा दाणा एका नावाला, हरभऱ्याचा दुसऱ्या नावाला. डबा झाकलेला असावा, एवढंच.

तिसऱ्या पाटीत तातडीचे निर्णय. आजारपण, बाळंतपण, मयत, शाळेची फी. यासाठी एक रक्कम आधीच ठरवून ठेवायची. तेवढी रक्कम तिन्ही पदाधिकाऱ्यांपैकी दोघींच्या सहीने लगेच देता येईल आणि पुढच्याच बैठकीत सगळ्यांना सांगून वहीत लिहायची. म्हणजे अडलेलीचं काम होतं आणि हिशोबही उघडा राहतो.

सर्वसहमतीचा गैरवापरही होऊ शकतो, हे मान्य केलं पाहिजे. एखादी मुद्दाम अडवून धरते. थकबाकीदार स्वतःच्याच वसुलीच्या ठरावाला नाही म्हणते. यासाठी दोन साधे नियम पुरतात. एक, जिच्याबद्दल निर्णय आहे तिचं म्हणणं पूर्ण ऐकायचं, वहीत लिहायचं, पण त्या ठरावात तिचा नकार मोजायचा नाही. दोन, नाही म्हणणारीने कारण सांगायचं आणि मग काय करावं तेही सुचवायचं. दोन बैठका होऊनही सुटलं नाही तर ग्रामसंघातल्या ताईला किंवा सीआरपी ताईला मध्ये बोलवायचं. त्यानंतरही नाहीच सुटलं तर चारपैकी तीन हिश्श्यांच्या मताने ठरवायचं की विषय सोडून द्यायचा, हे गटाने शांत डोक्याने आधीच लिहून ठेवावं. भांडण सुरू झाल्यावर भांडण मिटवायचा नियम करता येत नाही.

कोणते नियम लिहिलेच पाहिजेत?

उमेदच्या दशसूत्रीतली पहिली पाच सूत्रं आपल्याला तोंडपाठ आहेत: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, लेखे लिहिणं. हे झाले पैशाचे नियम. कारभाराचे नियम त्यांच्या जोडीला हवेत. माझ्या मते हे इतके तरी असावेत.

१. पद किती दिवस? दोन वर्षं म्हणा, तीन म्हणा, पण मुदत लिहा. एकीने लागोपाठ दोनदाच पद घ्यावं. तिसऱ्यांदा थांबावं, नवीन बाईला शिकवावं. "तिच्याशिवाय जमत नाही" असं ज्या गटात म्हणतात, तिथे दुसरीला शिकवलेलंच नसतं.

२. कोणाकडे काय? वही, पासबुक आणि शिक्का या तीन गोष्टी एकाच घरात नकोत. बँकेत जायला दोघींनी जायचं आणि त्या दोघी दरवेळी बदलायच्या. सगळ्या जणींनी वर्षातून एकदा तरी बँकेची खिडकी बघितलीच पाहिजे.

३. कोरम किती? किती जणी आल्या तर बैठक धरायची? बारातल्या आठ, असा आकडा लिहा. कोरम नसेल तर बचत गोळा करा, गप्पा मारा, पण ठराव करू नका. आणि घरोघर वही फिरवून सह्या घेऊ नका. त्या सहीला बैठकीची सही म्हणत नाहीत.

४. विषय आधी कळवणं. कर्ज, निवड आणि नियमबदल हे विषय निदान एक आठवडा आधी सगळ्यांना कळले पाहिजेत. मोबाईलवर टाकलं तरी चालेल, पण जिच्याकडे मोबाईल नाही तिला घरी जाऊन सांगायचं काम कोणाचं, तेही लिहा.

५. इतिवृत्त मोठ्याने वाचणं. बैठक संपताना लिहिलेलं वाचून दाखवायचं आणि मग सह्या. विरोध कोणाचा होता, का होता, तेही लिहायचं. पुढे वर्षभराने विषय निघाला तर "मी तेव्हा सांगितलं होतं" याला पुरावा राहतो.

६. तक्रार कुठे? अध्यक्षाबद्दलच तक्रार असेल तर कोणाकडे जायचं? ग्रामसंघातल्या एका ताईचं नाव लिहून ठेवा. ती त्याच भावकीतली नसावी.

७. गट सोडणं. जाणारीची बचत किती दिवसांत द्यायची, व्याज कसं धरायचं, तिच्यावर कर्ज असेल तर काय. बाहेर जायची वाट सरळ असली की आत राहणारीही निर्धास्त राहते.

८. नियम बदलणं. वर्षातून एकदा, सगळ्या हजर असताना. मधेच, एखादीच्या सोयीसाठी नाही.

मेंढ्याचा अभ्यासगट आपणही करू शकतो. महिन्यातून एक दिवस, बैठकीच्या दिवसाऐवजी दुसऱ्या दिवशी, ज्यांना जमेल त्यांनी अर्धा तास बसायचं. एकच विषय घ्यायचा. व्याज कसं निघतं, पासबुक कसं वाचायचं, घरकुलाची यादी कशी बनते. त्या दिवशी कुठलाही ठराव करायचा नाही. ठराव नाही म्हटलं की ज्या बायका चूक होईल म्हणून बोलत नाहीत, त्याही विचारायला लागतात.

गावच्या सभेत आपण कुठे?

आता जरा अवघड विषय. गट पैशापुरता ठेवायचा, राजकारण नको, असं पुष्कळ जणी म्हणतात. पण दशसूत्रीतच पंचायतराज संस्थांमधला सहभाग हे एक सूत्र आहे. शिवाय महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. म्हणजे राजकारण आपल्या दारात आलेलंच आहे. प्रश्न एवढाच की ते आत घेताना गट शाबूत कसा ठेवायचा.

ग्रामपंचायत अधिनियमात ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची तरतूद आहे. किती गावांत ती खरंच भरते आणि किती गावांत फक्त वहीत भरते, हे तुम्हीच आठवून बघा. ग्रामसभेचा कोरम आहे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला जो आकडा कमी असेल तो. कोरम झाला नाही तर सभा तहकूब होते. पण तीच सभा पुन्हा घेतली तर तेव्हा कोरमची अट नसते. याचा अर्थ नीट बघा. आपण पहिल्या सभेला गेलो नाही, तर दुसऱ्या सभेत मूठभर माणसं गावाचं ठरवू शकतात आणि ते कायद्याला धरून असतं. पाणी, रस्ता, अंगणवाडी, रोजगार हमीची कामं, सगळं त्यातच आलं.

म्हणून ग्रामसंघाने आपल्या नियमावलीत एक ओळ घालावी: ग्रामसभेच्या आधीच्या बैठकीत गावच्या विषयांवर चर्चा होईल, आणि सभेत कोण बोलणार ते ठरेल. एकटी बाई उभी राहिली की "बस खाली" म्हणतात. पंधरा जणी एकत्र बसल्या असल्या आणि त्यांच्या वतीने दोघी बोलल्या की ऐकावं लागतं. बोललेलं इतिवृत्तात आलं का, हेही सभा संपायच्या आत विचारायचं.

आणि निवडणूक. निवडणूक आली की कोणीतरी अध्यक्षाच्या घरी येतं, "ताई, तुमच्या गटाची मतं आपल्याला." कधी भांडी येतात, कधी साड्या, कधी देवदर्शनाची गाडी. अध्यक्षाने हो म्हटलं की गट दोन दिवसांत फुटतो. दहा वर्षांची बचत त्या एका 'हो'पायी मोडते. यासाठी तीन नियम पुरे आहेत.

एक, मत प्रत्येकीचं, आणि गुप्त. गटाच्या वतीने मताचा शब्द कोणीही द्यायचा नाही. दोन, गटाचा शिक्का, वही, बैठक आणि मोबाईलवरचा ग्रुप प्रचाराला वापरायचा नाही. तीन, गटातली बाई स्वतः उभी राहिली तर आनंदच आहे, पण ती पदाधिकारी असेल तर निवडणूक होईपर्यंत तिने पद दुसरीकडे द्यावं. समोर गटातलीच दुसरी बाई उभी असेल, तेव्हा हा नियम किती कामाला येतो ते कळेल. निकालानंतर दोघींनाही त्याच सतरंजीवर बसायचं असतं.

ज्या निवडून येतील त्यांच्याकडून एक मागायचं. प्रत्येक मासिक सभेनंतर गटांना येऊन काय ठरलं ते सांगायचं. सही कोण करतं आणि बोलतं कोण, हा प्रश्न पंचायतीतही आहेच. गटात जिला इतिवृत्त वाचल्याशिवाय सही न करण्याची सवय लागली, तिच्या नावावर दुसऱ्या कोणाला पंचायत चालवणं अवघड जातं. मेंढ्याच्या माणसांनी आधी आपल्या सभेत बसायला, ऐकायला आणि थांबायला शिकून घेतलं, आणि मग सरकारपुढे उभं राहिले. आपल्याला ते शिकायची जागा गट आहे.

पुढच्या बैठकीत एवढं करा

धारा काढून झाल्या की निवांत बसा. नियमावली मोठ्याने वाचा, जिला वाचता येतं तिने जिला येत नाही तिच्या शेजारी बसून. मग गोलात एकेकीला हे पाच प्रश्न विचारा.

आपलं पासबुक आत्ता कोणाकडे आहे?
आपल्या अध्यक्षाची मुदत कधी संपते?
शेवटचं कर्ज कोणाला दिलं आणि ते कुठे ठरलं?
मला काही पटलं नाही तर मी कोणाला सांगू?
निवडणुकीत गटाचं नाव वापरायचं नाही, हे आपल्या वहीत लिहिलंय का?

उत्तरं सगळ्यात जुन्या सभासदाकडून घेऊ नका. सगळ्यात नवीन आलेल्या बाईला आधी विचारा. तिला पाचातल्या तीन प्रश्नांची उत्तरं देता आली तर तुमच्या गटाचा कारभार बराच उघडा आहे असं समजा. देता आली नाहीत तर तिला बोल लावू नका, नियमावली दुरुस्त करायला घ्या. आपल्या संघाच्या कार्यालयात कोऱ्या नियमावलीचा नमुना आहे, बाजाराला याल तेव्हा घेऊन जा. मार्चअखेर जे गट नवीन नियम करतील, त्यांनी एक प्रत आमच्याकडे पाठवा. चांगले नियम पुढच्या अंकात छापू, म्हणजे दुसऱ्या गावच्या बायांनाही ते घेता येतील.

— क्षेत्र समन्वयक, नसरापूर विभाग